घोड्याच्या पायाची लहान जखम

काही वर्षांपूर्वी लग्नसराईत वरातीस घोडी भाड्याने देऊन उदरनिर्वाह करणाऱ्या एका कुटुंबाकडे माझे जाणेयेणे होते. त्यांच्या दारी दोन जनावरे होती, एक पांढरी घोडी व एक तांबूस तट्टू. एकाच आठवड्यात दोघांच्याही पायांस इजा झाली. घोडीच्या पुढच्या पायास, गुडघ्याच्या बरेच वर, पत्र्याची कड लागून वीतभर कातडे फाटले. रक्ताचा सडा पडला, घरातील माणसे रडू लागली, आणि रात्रीच दोन कोस जाऊन गुरांच्या डॉक्टरास आणण्यात आले. त्यांनी जखम धुऊन टाके घातले. तट्टाच्या मागच्या पायास, घोट्याच्या बाजूला, बाभळीचा काटा रुतला होता. भोक ज्वारीच्या दाण्याएवढे, रक्त दोन थेंब. घरधन्याने काटा उपटला, वर हळद दाबली, आणि "हे काय, नुसते टोचले आहे," असे म्हणून तो पुन्हा घोडीच्या शुश्रूषेस लागला.

दोन महिन्यांनी ती घोडी वरातीत चालत होती. तट्टू मात्र चौथ्या दिवशीच तीन पायांवर उभे राहिलेले आढळले. काटा सांध्याच्या पिशवीत शिरला होता व आत पू झाला होता. पुष्कळ खर्च झाला, परंतु त्या तट्टाच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढले नाही.

घोड्याच्या पायाच्या जखमेचे भय तिच्या आकारावरून ठरवू नये, ती कोठे आहे व किती खोल आहे ह्यावरून ठरवावे, हे मी त्या दारी शिकलो. आजच्या पाठात, घरच्या घरी कोणती जखम सांभाळता येते, ती कशी सांभाळावी, आणि कोणत्या जखमेला हात न लावता डॉक्टरांकडे धाव घ्यावी, ह्याचा विचार करू. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी घोडा नाही हे मी जाणून आहे. तथापि पावसाळा सरला की देशावरील धनगर मेंढरांचे कळप घेऊन कोकणाकडे उतरतात व त्यांचा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. भीमा व नीरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतली काटक भीमथडी तट्टे ती हीच. माथेरानासारख्या ठिकाणी माणसे व सामान अजूनही घोड्यावरून जाते, आणि तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीस दूरदूरचे घोडे येतात. ज्या घरी औषधांची पेटी असते त्या घराकडे खेड्यातील माणसे स्वतःच्या दुखण्यासाठी येतात तशी जनावराच्या दुखण्यासाठीही येतात. तेव्हा उत्तर देणाऱ्याने निदान चुकीचे उत्तर देऊ नये.

आधी पायाची रचना ध्यानात घ्यावी. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या उलट्या वळणाऱ्या सांध्याखाली घोड्याला मांस जवळजवळ नाहीच. वर कातडे, त्याखाली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या बळकट दोऱ्या, आणि लगेच हाड. गुडघ्यावर लागले तर मांस तो घाव झेलते. खाली लागले तर घाव थेट कंडरेवर, हाडावर किंवा सांध्यावर जातो. शिवाय ह्या भागाला रक्ताचा पुरवठा थोडा, कातडे ताणलेले, आणि पाऊल उचलले की जखमेच्या कडा ओढल्या जाणार. ह्यामुळे तेथील जखम फार सावकाश भरते. धडावरच्या जखमेत कडेकडून नवे कातडे दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर सरकते. पायाच्या खालच्या भागात ते ०.१ मिलिमीटरही नीट सरकत नाही. बोटभर रुंदीची उघडी जागा नुसत्या नव्या कातड्याने झाकावयाची म्हटली तर दोन महिने सहज जातात. तट्टाच्या जखमा मोठ्या घोड्याच्या जखमांपेक्षा लवकर आकसतात, एवढे समाधान आपल्या तट्टूवाल्यांस आहे.

दुसरे असे की, सांध्याची पिशवी बाहेरून दिसते त्याहून बरीच वरखाली पसरलेली असते. घोट्याच्या सांध्याची पिशवी नळीच्या मागे वर चढते, आणि कंडरांनाही ठिकठिकाणी पातळ रसाने भरलेले वेष्टन असते. पाय दुमडलेला असताना काटा लागला व नंतर पाय सरळ झाला की कातड्यावरचे भोक एकीकडे आणि आतले भोक दुसरीकडे राहते. म्हणून वरून पाहणारा फसतो. त्यात काडी, तार किंवा बोट घालून खोली पाहू नये. त्याने न गेलेली घाण आत जाते.

जखम दिसली की प्रथम जनावर शांत करावे. ज्याच्या हातचे ते खाते त्यानेच दोर धरावा, एखाद्या मुलाने धरू नये. पाहणाऱ्याने अंगाला चिकटून, खांद्याच्या किंवा कुल्ल्याच्या बाजूस उभे राहावे. पायापाशी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नये, ओणवे होऊन पाहावे. दुखऱ्या पायाचा घोडा ओळखीच्या माणसालाही लाथ मारतो, त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. मग त्यास चार पावले चालवून पाहावे. लंगडतो काय, आणि किती, हे जखमेला पाणी लावण्याच्या आधीच पाहून ठेवलेले बरे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबावी, आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे दाबून ठेवावी. दर मिनिटास उचलून "थांबले का" असे पाहणारा मनुष्य जमत आलेली गाठ दर वेळी मोडतो. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. वर सुतळी आवळून पाय बांधू नये. रक्त पाहून घाबरण्याचे कारण नाही; २५० किलो वजनाच्या तट्टाच्या अंगात सुमारे २० लिटर रक्त असते, आणि एक पेलाभर रक्त जमिनीवर सांडले तर ते बादलीभर दिसते. मात्र लाल भडक रक्त उसळ्या मारीत येत असेल तर शीर तुटली आहे. अशा वेळी दाब न सोडता दुसऱ्यास डॉक्टरांकडे धाडावे.

आता घरी कोणती जखम ठेवू नये ते सांगतो. सांध्यावर किंवा सांध्याजवळ, तसेच नळीच्या मागच्या बाजूस कंडरांवर झालेली कोणतीही खोल जखम, मग ती टाचणीएवढी का असेना. जिच्यातून पिवळसर, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, तार धरणारा रस येतो ती. जिच्यात पांढरी दोरी किंवा हाड दिसते ती. जिच्या कडा एकमेकींपासून फाकल्या आहेत ती, कारण तिला टाके घालावयाचे तर पहिल्या ६ ते ८ तासांत घालणे उत्तम. खुराच्या तळव्यात शिरलेला खिळा. तो शक्य तर उपटू नये, आणखी आत जाऊ नये अशी कापडाची बैठक देऊन तसाच डॉक्टरांस दाखवावा, म्हणजे तो कोठवर गेला हे त्यांस कळेल. आणि शेवटची खूण सर्वांत मोलाची: जखम लहान आणि लंगडणे मोठे, असा मेळ न बसणारा प्रकार दिसला की क्षणाचाही विलंब करू नये. आमच्या त्या तट्टाने दुसऱ्या दिवशीच पाऊल हलके टाकण्यास आरंभ केला होता. कोणी पाहिले नाही, एवढेच. सांध्यात जंतू शिरले असता पहिल्या दिवसात सांधा धुऊन काढला तर जनावर वाचण्याची पुष्कळ आशा असते. दिवस जातात तशी ती आशा ओसरते.

तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाना असतोच, आणि जेथे सरकारचे फिरते पथक आहे तेथे १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून त्यास बोलावता येते.

उरल्या त्या खरचटलेल्या, वरवर कापलेल्या, दोरीने सोललेल्या जखमा, ज्या कातड्याच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. ह्यांची शुश्रूषा घरी होते आणि ती बहुतांशी पाण्याने होते.

एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ घालावे, म्हणजे चहाचा लहान चमचा सपाट भरून दीड. हे पाणी कोमट होऊ द्यावे. एवढे मीठ शरीरातील रसांशी जुळणारे असल्याने ते झोंबत नाही व नव्या मांसाला अपाय करीत नाही. मीठ अधिक घातल्याने गुण अधिक येतो ही समजूत खोटी आहे. तिखट मिठाचे पाणी जखमेला जाळते. आता जखमेवर ह्याच पाण्यात भिजविलेली कापडाची घडी ठेवून भोवतालचे केस कातरीने कापावे, म्हणजे कापलेले केस आत पडणार नाहीत. मग सुई काढलेल्या मोठ्या पिचकारीने, किंवा झाकणाला भोक पाडलेल्या स्वच्छ बाटलीने, पाण्याची धार जखमेवर सोडावी. धार वरून खाली जावी. माती, वाळू, गवताच्या काड्या सर्व निघेपर्यंत सोडावी, मग एक लिटर लागो की तीन. कापसाने घासू नये, त्याचे तंतू आत राहतात. अगदी ताज्या जखमेस, धूळ फार असल्यास, आधी पिण्यायोग्य पाण्याची मंद धार दहा मिनिटे सोडली तरी चालेल, त्याने सूजही उतरते. परंतु नदीत किंवा डबक्यात घोडा उभा करून "आपोआप धुऊन निघेल" असे म्हणू नये. जेथे गावची गुरे बसतात त्या पाण्याने काय धुऊन निघणार?

जंतुनाशक लावावयाचेच तर पोव्हिडोन आयोडीन पुरेसे आहे, पण ते पातळ करून. बाटलीवर १० टक्के लिहिले असेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात १० मिलिलिटर, ५ टक्के असेल तर २० मिलिलिटर. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यावा. बाटलीतले गडद औषध जसेच्या तसे ओतल्याने जंतूंबरोबर नवे मांसही मरते.

ह्या ठिकाणी आपल्या खेड्यांत चालणाऱ्या उपायांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. कोणी जखमेत चुना भरतो, कोणी रॉकेल ओततो, कोणी यंत्राचे जळके तेल लावतो, कोणी चुलीतली राख, कोणी शेण, कोणी फरशी पुसण्याचे फिनेल. मोरचूद तर सर्रास वापरतात. हे सर्व करणारे लोक निर्दय नसतात. त्यांचे जनावरावर प्रेम असते, आणि औषध झोंबले म्हणजे लागू पडले असे त्यांस लहानपणापासून शिकविलेले असते. वस्तुतः चुना व मोरचूद कातडे जाळतात, आणि जळालेल्या जागेखाली जंतूंना उत्तम घर मिळते. राख व शेण ह्यांची गोष्ट पुढे धनुर्वाताच्या प्रकरणी येईल. फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, जे दुकानदार मोठ्या विश्वासाने देतो, तेही रोज वापरल्यास भरत आलेल्या जखमेची हानी करते. हळदीविषयी मी तितका कठोर नाही. हळद स्वतः विष नव्हे, पण बाजारची पूड स्वच्छ असेल ह्याचा भरवसा नाही, आणि तिची खपली धरली की खाली पू झाला तरी वरून पिवळे व कोरडे दिसते. तट्टाच्या बाबतीत नेमके तेच झाले. मधाने जखमा भरतात हे खरे आहे, व रुग्णालयांत निर्जंतुक केलेला मध वापरतातही. पण पोळ्यातला किंवा बरणीतला मध लावून घोडा उघड्या दावणीस बांधला तर प्रथम मुंग्या व माशा त्याचा लाभ घेतात.

कोरडी जखम लवकर भरते ही समजूत वैद्यांचीही पुष्कळ काळ होती. १९६२ साली जॉर्ज विंटर ह्या इंग्रज संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवे कातडे उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. कारण सोपे आहे: नवे कातडे ओल्या पृष्ठावरून सरळ सरकते, कोरड्या खपलीखाली मात्र त्याला वाट खणीत जावे लागते. म्हणून भुकटी टाकून जखम वाळविण्याच्या मागे लागू नये.

धुऊन झाल्यावर स्वच्छ जाळीदार कापडावर पांढऱ्या व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ते जखमेवर ठेवावे, म्हणजे पट्टी सोडताना नवे मांस उपटून येणार नाही. त्यावर कापसाची गादी, जखमेपुरती नव्हे, तर पायाभोवती सर्व बाजूंनी, अंगठ्याएवढी जाड. तिच्यावर पट्टी. नळीवरची जखम असेल तर खुराच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत बांधावी, नाहीतर पट्टीखालचा भाग सुजतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकील, ताण सर्वत्र सारखा राहील, आणि वरच्या कडेत एक बोट जेमतेम शिरेल अशी बांधणी असावी. गादीशिवाय ताणणारी पट्टी आवळली तर एका रात्रीत कंडरेला इजा होते, आणि मूळ जखमेपेक्षा ती इजा जड जाते. पहिले काही दिवस पट्टी रोज बदलावी. पाण्याने किंवा मुताने भिजली तर त्याच घटकेस बदलावी. दुसऱ्या, धडक्या पायावर भार अधिक पडतो, म्हणून त्यासही तशीच आधाराची पट्टी बांधलेली चांगली. ज्याला इतके नीट बांधणे साधत नाही त्याने खरचटलेली उथळ जखम धुऊन उघडीच ठेवावी. वाईट पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी.

पायबंदाच्या व पिछाडीच्या दोरीने खुराच्या वर, मागल्या मऊ खळग्यात जी सोललेली जागा होते, ती आपल्याकडे सर्वांत अधिक आढळते. पूर्वी सुती किंवा अंबाडीच्या दोऱ्या होत्या. आता बाजारात नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, ती न तुटणारी, आणि म्हणूनच कातडे कापणारी. ओढाताणीत ती घासून तापते व कातडे भाजल्यासारखे होते. अशी जखम पहिल्या दिवशी रेघेसारखी दिसते आणि तिसऱ्या दिवशी ती जागा फुटते. तेव्हा ती दिसताच वरीलप्रमाणे धुवावी, व्हॅसलिन किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम लावून मऊ ठेवावी, कारण तो खळगा प्रत्येक पावलास दुमडतो व कोरडी खपली प्रत्येक पावलास चिरते. पण दोरी तेथेच ठेवून मलम लावणे म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी भरणे होय. चरावयास सोडताना पाय बांधावयाचाच असेल तर रुंद, मऊ, आतून कापड शिवलेला पट्टा करावा, रोज पाय बदलावा, आणि जखम झालेल्या पायास ती पूर्ण भरेपर्यंत काहीच बांधू नये. धनगर बायका जुन्या घोंगडीच्या पट्ट्या दोरीवर गुंडाळतात, तो उपाय फुकटचा आणि उत्तम आहे.

घोड्याच्या पायाची आणखी एक खोड आहे. जखम भरण्यासाठी जे लाल, दाणेदार मांस तळाशी उगवते ते कातड्याच्या पातळीशी न थांबता वर वाढत जाते, आणि काही आठवड्यांत फुलकोबीच्या गड्ड्यासारखा गोळा उभा राहतो. कडेचे नवे कातडे ह्या टेकडीवर चढू शकत नाही व जखम तशीच राहते. पू, हालचाल, राहून गेलेली काडी, तिखट औषधे, अशा अनेक कारणांनी हे मांस चेकाळते. त्यात मज्जातंतू नसतात, म्हणून कापल्यास दुखत नाही. पण रक्तवाहिन्या खच्चून भरलेल्या असतात, म्हणून नालबंदाने सुरीने कापू पाहिल्यास रक्त थांबता थांबत नाही. लाल मांस कातड्याच्या वर येऊ लागले असे दिसताच डॉक्टरांस दाखवावे. ते सहज तासून, मलम लावून, पट्टी बांधून देतात. मोरचुदाने जाळल्यास गोळा जळतो खरा, परंतु कडेचे कोवळे कातडेही जळते, व गोळा पुन्हा वाढतो.

पावसाळ्यात व त्याच्या मागच्यापुढच्या महिन्यांत माशांपासून जखम राखणे हेच अर्धे काम असते. एक प्रकारची माशी जिवंत मांसाच्या कडेला अंडी घालते व एका दिवसात अळ्या आत उतरतात. पांढरी हालचाल दिसली, वाईट वास आला, किंवा घोडा सारखा पाय आपटू लागला, तर पट्टी सोडून पाहावे. कडुनिंबाचे तेल जखमेच्या भोवताली, केसांवर, लावावे. जखमेत घालू नये. अळ्या पडल्याच असतील तर त्या सर्व काढणे घरच्यांस साधत नाही, डॉक्टर औषध देतील. पागेतली लीद दिवसातून दोनदा लांब टाकावी.

लिदीचा उल्लेख आला तेव्हा धनुर्वाताकडे वळू. ह्या रोगाचा जंतू मातीत व घोड्याच्या लिदीत राहतो, आणि सर्व पाळीव जनावरांत घोड्यालाच तो सर्वांत सहज ग्रासतो. ह्या जंतूला हवा सोसत नाही. उघड्या, वाहत्या जखमेत तो फारसा वाढत नाही. काट्याच्या, खिळ्याच्या अरुंद भोकात, वर खपली किंवा शेणाचा लेप असला की तो सुखाने वाढतो. राख-शेणाचे भय ते हे. जखम झाल्यापासून बहुधा एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे जखम विसरली गेल्यावर, घोड्याची चाल ताठ होते, शेपूट उचललेली राहते, कान उभे व ताणलेले दिसतात, जबडा उघडत नाही, तोबऱ्यातला दाणा तसाच राहतो. टाळी वाजविली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा बुबुळावर सरकतो. ही खूण एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. ह्या अवस्थेला पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घोडे मरतात.

आणि तरीही हा रोग टाळता येण्याजोगा आहे. १८८९ साली जपानी वैद्य शिबासाबुरो कितासातो ह्यांनी बर्लिन येथे हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. पुढच्याच वर्षी त्यांनी व एमिल फॉन बेहरिंग ह्यांनी दाखविले की, ज्या जनावराने हे विष थोडे थोडे सोसले आहे त्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा उत्पन्न होतो. त्यानंतर अनेक दशके माणसांना टोचण्याचा उतारा घोड्यांच्याच रक्तातून काढीत असत, आणि सर्पदंशावर आपल्या दवाखान्यांत जे औषध देतात ते आजही घोड्याच्या रक्तापासून होते. कित्येक घरांतील माणूस घोड्याच्या रक्ताने वाचला आहे. मात्र त्या घरच्या घोड्याला लस टोचलेली असतेच असे नाही. पहिली लस, ४ ते ६ आठवड्यांनी दुसरी, आणि मग दरवर्षी एक, एवढाच क्रम आहे. जखम झाली आणि मागील टोचणीस ६ महिने किंवा अधिक झाले असतील तर पुन्हा एक टोचून घ्यावी. कधीच टोचलेली नसेल तर डॉक्टर लसीबरोबर तयार उताराही देतात, कारण नुसत्या लसीचा गुण येण्यास दिवस लागतात. जखम किती का लहान असेना, हा एक प्रश्न प्रत्येक घोडेवाल्यास विचारावा: "धनुर्वाताची सुई केव्हा दिली होती?"

दुखणे थांबविणाऱ्या औषधांविषयी दोन शब्द. आपल्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गोळ्या घोड्यास घालू नयेत. डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांस देण्यास भारत सरकारने २००६ साली बंदी घातली आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन हजारोंनी मेली. २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक ह्यांवरही तशीच बंदी आली. डॉक्टरांनी दिलेले योग्य औषध द्यावे, पण तपासणीपूर्वी नव्हे. लंगडणे ही जखमेची भाषा आहे. ती आधीच बंद केली तर डॉक्टरांस काय ऐकू येणार?

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी, गुदद्वारात तापमापक धरून घोड्याचा ताप पाहावा. निरोगी घोड्याचा ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटच्या सुमारे ९९.५ ते १०१.५, इतका असतो. त्याहून वर गेला, किंवा पाय गरम, कठीण व वरपर्यंत सुजला, तर घरचा उपाय संपला असे समजावे. उभे राहून पाय मऊ भरणे व चालल्यावर उतरणे ह्याचे भय नाही. कोरडी जागा, स्वच्छ कडबा व भरपूर पाणी द्यावे. काम नसताना दाणा मात्र कमी करावा, नाहीतर पोटशुळाचे दुसरे संकट ओढवते. लग्नाची तारीख धरली आहे म्हणून अर्धवट भरलेल्या पायाने घोडा वरातीत नाचविणाऱ्या मालकाची अडचण मला समजते. घरात खाणारी तोंडे आहेत व विसार घेतलेला आहे. तरी शक्य तर दुसऱ्याचे जनावर मागून न्यावे. उघडलेली जखम पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते, आणि तेवढ्या काळात तीन वराती बुडतात.

त्या घरी आता पागेच्या दाराशी, मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टांगलेला असतो. त्यात बोथट टोकाची कातर, मोठी पिचकारी, मिठाची पुडी व मापाचा चमचा, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, व्हॅसलिन, जाळीचे कापड, कापसाची गुंडाळी, दोन पट्ट्या आणि तापमापक आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविला असून त्यावर डॉक्टरांचा क्रमांक व पांढऱ्या घोडीला धनुर्वाताची सुई दिल्याची तारीख लिहिली आहे. त्याखाली दुसऱ्या जनावराच्या नावाची ओळ होती. ती खोडलेली आहे, आणि तिच्या खाली नव्याने आणलेल्या एका शिंगराचे नाव लिहिलेले आहे.